गुण्यामामाचे सरळ गठ्ठे

सुताराकडे काटकोन तपासायचं एक लोखंडी हत्यार असतं, त्याला गुण्या म्हणतात. माझ्या मामाच्या खिशात तो कायम असायचा, आणि मामा काही सुतार नव्हता. दार, खिडकी, कपाट, भिंतीवरचं कॅलेंडर, समोर येईल त्याला तो गुण्या लावून बघायचा आणि जीभ टाळ्याला लावून ‘च्च’ करायचा, कारण सरळ असं जगात फार थोडं असतं. लोकांनी त्याचं नावच गुण्या पाडलं. आई त्याची थोरली बहीण. तीसुद्धा चिडली की म्हणायची, "याच्या अंगी गुण असा नाहीच, जो आहे तो खिशात."

बाबा गेल्यावर आई मला घेऊन माहेरी आली ती तिथलीच झाली. मामाने लग्न केलं नव्हतं. का, असं विचारलं की म्हणायचा, "भीती वाटते." घर, गोठा आणि गवताचं कोठार अशी आमची एकाला एक लागून ओळ. स्वयंपाकघराची एक भिंत कोठाराचीही भिंत. पलीकडे गवत, अलीकडे आमचा गॅस, हे कुणाच्या डोक्यातून निघालं होतं कोण जाणे, पण आजोबांच्या काळापासून तसंच होतं आणि कुणाला काही झालं नव्हतं. आई गाई बघायची. मामा गवत आणि यंत्रं बघायचा. मी दूध केंद्रावर दूध तपासते. माझं बरंचसं काम नाकाचं आहे. कॅनचं झाकण उघडलं की मशीन सांगायच्या आधी नाक सांगतं, हे दूध गेलं.

मामा भित्रा होता. हे मी लाडाने म्हणत नाहीये. तो शिडीला भ्यायचा, कुत्र्याला भ्यायचा, अनोळखी नंबरवरून फोन आला तर तो माझ्या हातात देऊन बाहेर जाऊन उभा राहायचा. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तसं, त्याच्या मागे एक नाही, सगळी पलटण लागलेली. पण सगळ्यांत जास्त तो भ्यायचा बेलरला, आणि बेलर हेच त्याचं पोट होतं. बेलर म्हणजे ट्रॅक्टरमागे जोडायचं यंत्र. शेतात वाळून पडलेलं गवत ते उचलतं, दाबतं आणि सुतळीने बांधलेले चौकोनी गठ्ठे मागे टाकत जातं. ज्या मिस्त्रीने मामाला ते शिकवलं, त्याच्या उजव्या हाताला दोनच बोटं होती. बाकीची कुठे गेली हे मिस्त्री पहिल्याच दिवशी सांगायचा, यंत्राच्या ज्या भागाने नेली तो भाग दाखवून.

म्हणून मामाची एक पद्धत होती. बेलरला हात लावायच्या आधी ट्रॅक्टर बंद करायचा, किल्ली काढायची आणि ती दातांत धरायची. खिशात नाही, कारण खिशातली कुणीही काढून घेईल. मग बेलरच्या बाजूचं मोठं चाक फिरायचं थांबेपर्यंत उभं राहायचं. ते चाक ट्रॅक्टर बंद झाल्यावरही बराच वेळ आपल्या मस्तीत गरगरत असतं. ते पूर्ण थांबलं, मामाने काठीने ढोसून खात्री केली, की मगच त्याचा हात आत जायचा. किल्ली तोंडात असतानाच तो आम्हाला सूचनाही द्यायचा. "ऊं ऊं" म्हणजे पाना दे, नुसतं "ऊं" म्हणजे लांब हो. बघणारे हसून लोळायचे. मामा हसू द्यायचा. त्याची दहाही बोटं जागेवर होती.

तर अशा माणसाचे गठ्ठे केळ्यासारखे वाकडे यायचे.

हा त्याच्या नशिबाचा विनोद होता. बेलरमध्ये गवत उचललं गेलं की पंजासारखे काटे ते आडवं ढकलून एका लांबट पेटीत देतात. पेटीत दट्ट्या पुढेमागे ठोसे मारत गवत दाबतो. मागच्या टोकाला दोन स्प्रिंगा पेटीच्या पट्ट्या आवळून धरतात, त्यांच्या चापामुळे गठ्ठा गच्च होतो. आता पंजे जर गवत पलीकडच्या कडेपर्यंत पोहोचवत नसतील, तर अलीकडची बाजू ठासून भरते आणि पलीकडची पोकळ राहते. असा गठ्ठा बाहेर पडला की पोकळ बाजूकडे वाकतो. खायला गाईला काही फरक पडत नाही. पण वाकडे गठ्ठे एकावर एक रचता येत नाहीत, रास कलते, सुतळी सुटते. आणि लोक बोलतात. दुधाचा टँकर चालवणारा रोज सकाळी यायचा, तो हॉर्न वाजवून ओरडायचा, "मामा, केळी पिकली का?"

दोन हंगाम मामाने या वाकडेपणाशी झुंज घेतली. पंजे ज्या भोकांत बोल्टने बसवतात त्यांत एक भोक पुढे सरकवून बघितले, एक भोक मागे घेऊन बघितले. दट्ट्याच्या पात्याला धार लावली, कारण पातं बोथट असलं की ते गवत कापत नाही, ओढतं, आणि गठ्ठ्याची एक बाजू दाढी वाढल्यासारखी राहते. दोन्ही स्प्रिंगा समान आवळल्या. गवताची ओळ एकाच बाजूने उचलली जाऊ नये म्हणून ट्रॅक्टर नागमोडी चालवला. दर वेळी ट्रॅक्टर बंद, किल्ली दातांत, चाक थांबेपर्यंत उभा. एवढं केल्यावर गठ्ठे पूर्वीपेक्षा सुधारले, पण गुण्या लावला की कोपऱ्यात फट दिसायची. मामा ‘च्च’ करायचा.

आणि मग एका दुपारी ते सरळ यायला लागले.

वरचं शेत संपवून तो ओढ्याकाठच्या खालच्या शेतात उतरला होता. आकाशात ढग जमत होते, शेजारी घाई करत होते. मामाने वर शेवटचा बदल म्हणून पंजे आणखी एक भोक सरकवले होते आणि स्प्रिंगा दोन-दोन आटे पिळल्या होत्या. खालच्या शेतात पहिलाच गठ्ठा पडला तो विटेसारखा. कडा धारदार, कोपरे काटकोनात. दुसरा तसाच. तिसरा तसाच. मी चहा घेऊन गेले तेव्हा मामा ट्रॅक्टरवरून उतरून एका गठ्ठ्यापुढे उकिडवा बसला होता, आणि गुण्या चारही कोपऱ्यांना लावून बघत होता. कुठेच फट नव्हती. त्याचे डोळे भरून आले होते. हसू नका. मीही तेव्हा हसले नव्हते.

"उचलून बघ," तो म्हणाला. "कसा भरलाय बघ."

मी उचलला. जड होता. "बापरे, दगड भरलेत का?"

"दाब," मामा म्हणाला. "दाब बरोबर बसला, की वजन येतंच."

इथे त्याची चूक झाली, आणि ती गवतातलं कळणाऱ्या माणसाचीच चूक होती. ज्याला काही कळत नाही तो असं चुकत नाही. गवत बांधण्याआधी मूठभर घेऊन पिळून बघायचं असतं. काड्या कडकन मोडल्या तर वाळलं, नुसत्या मुरगळल्या तर आत ओल आहे. हे मामानेच मला शिकवलं होतं. वरच्या शेतात त्याने ते केलंही होतं. खालचं शेत ओढ्याकाठचं, तिथलं गवत जाड देठाचं. पानं खडखडीत वाळलेली, देठ ओले. ओल्या देठाचं गवत मऊ असतं, दाबलं की दाबल्याजागी राहतं, उसळून येत नाही. पेटीच्या पट्ट्यांना घासत रुतत पुढे सरकतं, म्हणून गच्च बसतं. म्हणजे गठ्ठे सरळ आले ते मामाच्या त्या एका भोकामुळे नाही, ओलीमुळे. पण दोन वर्षं ज्याची वाट बघितली ते समोर पडलेलं असताना खाली वाकून मूठभर गवत पिळायचं कुणाला सुचतं? त्या दिवशी त्याने आकार बघितला, गवत बघितलंच नाही.

सगळे गठ्ठे कोठारात आले. मामाने रास स्वतः रचली. एक थर उभा, एक आडवा, भिंत बांधतात तशी सांधेमोड करून, थेट छताच्या वाशांपर्यंत. वाकड्या गठ्ठ्यांच्या राशीत कितीही रचलं तरी मध्ये भोकं राहतात, वारा फिरतो. या राशीत बोटसुद्धा शिरत नव्हतं. मामा येईल त्याला ते बोट घालून दाखवायचा. टँकरवाला आत येऊन बघून गेला, म्हणाला, "मामा, यावर घर बांधा." शेजारचे दोघं आपापले बेलर दाखवायला घेऊन आले, तुमचा हात लागू दे म्हणून. ज्याच्यावर जन्मभर हसले त्याला सगळ्यांनी मिळून हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. आणि मामा चढला. शिडीला भिणारा माणूस, पण या झाडावर भराभर चढला.

मग वास आला.

पहिल्यांदा मला तो आवडला. कोठाराच्या दारातून जाताना गोडसर, साखर किंचित करपली की येतो तसा. नवं गवत घाम गाळतं, थोडं तापतं, हे आम्हाला माहीत होतं. दरवर्षी होतं आणि जातं. पण हा वास जाईना. उलट दाट होत गेला, आणि त्याला खाली तंबाखूसारखी एक कड आली. आमच्या स्वयंपाकघरात भांडी पुसताना आई म्हणाली, "काय रे, कसला वास येतोय पलीकडून? कुणी पाक करतंय की काय?"

मामा जेवत होता. मान वर न करता म्हणाला, "काही नाही ताई. नवं गवत आहे."

"सगळं बरं आहे ना?"

"हो."

आईने पुढे विचारलं नाही. यंत्र आणि गवत मामाचं, गाई तिच्या, अशी त्यांची वाटणी होती. मामाचं ‘हो’ तिला पुरायचं. आयुष्यभर पुरलं होतं.

त्यानंतर मामा बदलला. ताटात वाढलेलं तसंच ठेवून उठायला लागला. कोठाराला कधी नव्हे ते कुलूप आलं. "मांजरं शिरतात," म्हणाला. आमच्याकडे एकच मांजर होतं आणि ते कोठारातच जन्मलं होतं. शेजारी बेलर घेऊन आले तर त्यांना परत पाठवलं. स्वयंपाकघरात आईने गॅस पेटवला की हा दचकायचा. एकदा मी त्याला हाक मारली तर तो वळला, आणि त्याच्या चेहऱ्याचा रंग पार उडालेला होता. मला वाटलं, काही आजार लपवतोय. खोटं कशाला बोलू, मला कॅन्सर वाटला.

एका सकाळी केंद्रावरून लवकर परतले. कोठाराचं कुलूप काढलेलं होतं, दार ओढून घेतलेलं. मी ढकललं. आतला वास अंगावरच आला. आता त्यात गोड काही उरलं नव्हतं. मामा राशीपुढे उभा होता. एक लांब लोखंडी सळई त्याने राशीत खोल खुपसून ठेवली होती, आणि माझ्यासमोर ती हळूहळू ओढून बाहेर काढत होता. टोक बाहेर आलं. त्याने ते मुठीत धरायला हात नेला, बोटं टेकवली आणि चटकन मागे घेतली. मग तोच हात तोंडात घातला, लहान मूल घालतं तसा.

सळईचा अर्थ आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. थोडा वेळ राशीत ठेवलेली सळई मुठीत धरवली तर घाबरायचं नाही. धरवली नाही, तर कोंडलेल्या ओलीने कुजत आतलं गवत स्वतःच्या उष्णतेने शिजतंय आणि केव्हाही पेटेल.

"मामा!"

तो वळला. "हळू बोल," म्हणाला. जणू रास झोपली होती आणि माझ्या आवाजाने उठली असती.

"कधीपासून?"

"हळू बोल ग." त्याने माझं मनगट धरलं. हात थंडगार. "काल धरवत होती. खरंच धरवत होती. आज जरा... ताईला सांगू नकोस. मी बघतो. निवेल. कधी कधी आपोआप निवतं."

"आणि नाही निवलं तर?"

"उघडली तर हवा लागून भडकेल. नाही उघडली तर..." त्याचे दात वाजत होते. त्या उबेत, त्या वाफेत त्याला थंडी वाजत होती. "मला कळत नाहीये काय करू. सगळे बघून गेलेत ही रास. सगळ्यांना बोट घालून दाखवलंय मी."

मला त्याची दया यायला हवी होती. मला आला राग, असा की कानशिलं तापली. भिंतीच्या पलीकडे कप विसळल्याचा आवाज येत होता. आई तिथे उभी होती, वीतभर जाडीच्या विटांपलीकडे, आणि हा माणूस लोक काय म्हणतील याचा हिशोब करत होता. मी मनगट सोडवून घेतलं आणि होतं नव्हतं तेवढं बळ एकवटून ओरडले, "आई! गॅस बंद कर आणि बाहेर ये!"

मी फोन करून बोलावलेला अग्निशमनचा बंब आला तोवर आईने सगळ्या गाई सोडून लांबच्या कुंपणात नेल्या होत्या. तिने एकही प्रश्न विचारला नाही. गॅसची टाकी स्वतः ओढत अंगणाबाहेर आणली, मग गाईंकडे गेली. बंबाबरोबर दोघं होते, एक प्रौढ प्रमुख आणि एक उंच हडकुळा जवान. प्रमुखाने राशीला हात न लावता आधी वास घेतला, मग वर वाशांकडे बघितलं. वाशांखाली निळसर काहीतरी तरंगत होतं.

"रास कोणी रचली?"

मामा पुढे झाला.

"फार बारकाईने रचलीय," प्रमुख म्हणाला. ती स्तुती नव्हती. "हवा जायला कुठे जागा ठेवली नाही. आता वरून एकेक काढायला लागेल, पाणी धरून. खालून ओढलं तर कोसळेल. आणि मधलं किती जळून पोकळ झालंय ते वरून दिसत नाही. वर उभं राहिलेला माणूस सरळ आत जातो. बघितलंय मी."

हे ऐकून मामा आपसूक मागे सरकला. मी बघितलं. पाऊलभर मागे सरकला, आणि मग पुन्हा तेवढाच पुढे आला.

"कुठला थर आडवा आहे, कुठला गठ्ठा कशात अडकवलाय, ते मला माहीत आहे," तो म्हणाला. "तुमच्या माणसाला सापडणार नाही. चुकीचा ओढला तर सगळं येईल अंगावर."

"तुमचे पाय कापतायत."

"ते नेहमीच कापतात," मामा म्हणाला.

राशीवर लांब फळ्या टाकल्या, म्हणजे वजन एका जागी पडणार नाही. मामाच्या कंबरेला दोर बांधला, तो वरच्या वाशावरून घेऊन खाली जवानाच्या हातात दिला. मीही तो धरला. मला कुणी सांगितलं नव्हतं, पण कुणी नको म्हणायच्या आत मी धरला. प्रमुख शिडीवर पाइप घेऊन उभा राहिला. मामा शेजारची दुसरी शिडी चढला. प्रत्येक पायरीवर थांबत होता. वर पोचल्यावर गुडघ्यांवरच बसला आणि फळीवरून रांगत पुढे सरकला. मग आकड्याने पहिला गठ्ठा ओढून खाली सोडला.

वरचे थर बरे होते. नुसते कोमट. खाली टँकरवाला आणि शेजारी ते ओढून बाहेर नेत होते. मग गठ्ठे तपकिरी यायला लागले. मग त्यांच्यातून वाफ. एक गठ्ठा दाराबाहेर नेऊन टाकला, त्याची सुतळी जळून तुटली होती तरी तो सुटला नाही. चारही कोपरे जसेच्या तसे, काटकोनात. कुणीतरी तो पायाने उलटा केला. वारा लागला आणि त्याने आमच्या डोळ्यांदेखत पेट घेतला. धूर नाही, ठिणगी नाही, एकदम ज्वाळा. एक बाई किंचाळली. ती बाई मीच होते.

"पाणी!" वरून मामा ओरडला, "इथे, इथे मारा..." आणि फळी कलली.

मला आवाज आठवत नाही. मला आठवतो तो दोर, जो माझ्या हातांतून सरसर निघून गेला आणि तळव्यांची सालं घेऊन गेला. जवानाने तो अंगाभोवती घेतला होता म्हणून थांबला. मामा कंबरेपर्यंत दिसत नव्हता. त्याच्या भोवतीने जाड पिवळा धूर वर आला आणि त्याचं तोंडही दिसेनासं झालं. धुरातून तो ओरडत होता, आणि काय ओरडत होता तर "ताई! ताई!" असं, पुन्हा पुन्हा, सातआठ वर्षांच्या पोराच्या आवाजात.

आई कुंपणापाशी होती. ती धावत आली. मी आईला धावताना तोवर बघितलं नव्हतं. तिने माझ्यापुढे दोर धरला आणि मागे रेलली. आम्ही तिघं रेललो. प्रमुखाने मामावरच पाण्याचा झोत धरला. वाफेचा एवढा मोठा फुस्कारा झाला की मला वाटलं संपलं, आता खाली येईल ते धड नसेल. दोर जागचा हलेना. आई दातांवर दात धरून काहीतरी पुटपुटत होती. मी ऐकलं. ती म्हणत होती, "सोडणार नाही, मेल्या, सोडणार नाही." मग दोर सैल पडला, आम्ही तिघंही मागे आपटलो, आणि वर फळीच्या कडेवर दोन हात आले.

कोठार वाचलं. पुढचा सगळा दिवस गठ्ठे बाहेर काढणं आणि भिजवणं चाललं होतं. राशीच्या पोटात एक खोली होईल एवढी पोकळी होती, काळी, आणि स्वयंपाकघराच्या भिंतीकडच्या बाजूला सरकलेली. प्रमुखाने ती मला बॅटरीने दाखवली. "आजची संध्याकाळ निघाली नसती," तो म्हणाला. आईला त्याने हे सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही, पण तिने स्वतः जाऊन बघितलं.

मामाच्या डाव्या पायाची गुडघ्याखालची कातडी भाजली होती. डॉक्टरने पट्टी बांधून दिली, ती रोज बदलायची होती. पहिल्यांदा बदलली ती अंगणात, उपड्या बादलीवर मामाला बसवून. आई खाली बसली होती, पाय मांडीवर घेऊन. मला वाटलं होतं ती त्याला सोलून काढेल. तिची जीभ काही साधी नाही, माझी कुठून आली असं वाटतं तुम्हाला? पण ती शांतपणे मलम लावत होती.

"मी तुला वासाचं विचारलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"तुला कळलं होतं, ते मी विचारायच्या आधी की नंतर?"

मामाने माझ्याकडे बघितलं. मी काय करणार होते? त्याला खोटं बोलता आलं असतं. ‘नंतर’ म्हणाला असता तर कुणाला कळणार होतं?

"आधी," तो म्हणाला.

"बरं," आई म्हणाली, आणि पट्टीची गाठ मारली.

त्या विषयावर ती पुन्हा बोलली नाही. मामाला टोमणा मारला नाही, कुणाला मारू दिला नाही. टँकरवाला एकदा म्हणाला, "मामा, तुमच्या विटांपेक्षा केळी बरी," तर आईने त्याला दुधाच्या कॅनसकट गेटबाहेर काढलं. पुढच्या हंगामात मामाने दर ओळीला उतरून मूठभर गवत पिळून बघितलं. सकाळभर थांबून दुपारी बांधलं. दोन्ही स्प्रिंगा सैल केल्या. गठ्ठे हलके आले आणि थोडे वाकडे आले. त्याने ते फटी ठेवून रचले, कोठार अर्धंच भरलं. दार दिवसभर सताड उघडं असतं. लोक पुन्हा त्याला बेलर दाखवायला येतात, आणि तो किल्ली दातांत धरून सांगतो ते त्यांना पूर्वीइतकंच कळतं. सगळं पूर्वीसारखं आहे, असं बाहेरच्या माणसाला वाटेल.

फक्त आई आता त्याला विचारत नाही. तो समोर बसलेला असतो, तोंडात घास असतो, तरी विचारत नाही. संध्याकाळी गॅस पेटवायच्या आधी ती कोठाराकडच्या भिंतीशी जाते आणि तळहात टेकवून उभी राहते. आधी खाली, मग मध्ये, मग हात पुरेल तितकं वर. मामा तेव्हा ताटाकडे बघत असतो. त्याचा चेहरा मला बघवत नाही. राशीवर रांगत होता तेव्हासुद्धा तो एवढा भ्यालेला दिसला नव्हता.

परवा त्याने धीर केला. म्हणाला, "ताई, मी आत्ताच बघून आलोय. थंड आहे."

"हो रे," आई म्हणाली. तिने हात काढला नाही.